वळचणीची फट बुजवली तेव्हा कुठे शेड थंड झाली

आमची शिलाईची शेड घरामागे आहे, सांगलीजवळ, कृष्णेपासून चालत दहा मिनिटांवर. २० बाय १२ फूट, विटांच्या भिंती, वर दुपाखी कलर कोटेड पत्रा. पाच मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि मी धरून पाच जणी. लग्नाचे ब्लाउज हे आमचं मुख्य काम, त्यामुळे ऐन एप्रिल-मेमध्ये आम्ही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पत्र्याखाली. २०२४ च्या एप्रिलमध्ये पत्र्याला आतून पफ फोमचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या, फुगून घट्ट होणाऱ्या पॉलियुरेथेन फोमचा स्प्रे मारून घेतला. ऊन, पाऊस, थंडी सगळं बघून झालं, म्हणून आता लिहिते.

त्याआधी काय काय केलं नाही! पत्र्यावर उसाचं पाचट पसरून पाणी मारलं. वळवाच्या वाऱ्यात निम्मं शेजारच्या अंगणात गेलं आणि ओल धरून स्क्रू गंजले. पांढरा रंग दिला, तो वर्षभरात धुळीने मळला. थर्माकोलचं छत केलं, ते उंदरांनी पोखरलं.

पण फोम करायचं ठरलं ते उन्हामुळे नाही, थंडीतल्या एका थेंबामुळे. जानेवारीत पत्रा रात्री उघड्या आभाळाखाली हवेपेक्षाही गार पडतो. आदल्या संध्याकाळी इस्त्रीची वाफ आत कोंडलेली असते, नदीकाठचं धुकं असतं, ते सगळं पत्र्याला आतून पाणी होऊन चिकटतं. सकाळी सातला मी दिवा लावला तर स्क्रूच्या टोकाला थेंब लोंबत होता, आणि त्याच्या आधीचा खाली पडून गेला होता. हळदी रंगाच्या पैठणीच्या ब्लाउजपीसवर रुपयाएवढा गोल डाग, कडेला गंजाची तांबूस रेघ. नवरीच्या आईला मी पैसे भरून दिले, पण त्याच साडीचं कापड परत कुठून आणणार?

एवढ्याशा कामाला यायला तीन ठेकेदारांनी नकार दिला. चौथा तयार झाला. क्लोज सेल फोम (ज्याचे आतले बुडबुडे बंद असतात), घनमीटरला ४० किलो घनतेचा, दोन इंच जाड, चौरस फुटाला ११० रुपये. उताराचं माप २६५ चौरस फूट भरलं, म्हणजे २९,१५० रुपये, वर गाडीभाडं ३,०००. उघड्या बुडबुड्यांचा ओपन सेल स्वस्त पडतो, पण त्यातून वाफ आरपार जाऊन पत्र्यापर्यंत पोचते. आमच्यासारख्या वाफेच्या जागेत तो घेऊ नका.

फवारणी करणारी माणसं कामाला चोख होती, हे मनापासून सांगते. पत्र्याला आतून कारखान्यातला तेलकट थर असतो, तो थिनरने पुसून काढला. मशीन आणि भिंती प्लास्टिकने झाकल्या. दोन पिंपांतली दोन रसायनं गरम पाइपातून येतात आणि बंदुकीच्या तोंडाशी एकत्र होतात. पत्र्यावर आधी नुसता पिवळसर ओला पट्टा दिसतो, आणि तीन-चार सेकंदांत दूध उतू जावं तसा तो फुगून वर येतो. पहिला इंच मारून, तो निवल्यावर दुसरा. घाई करून एकदम जाड थर मारला तर फोम आतल्या आत तापतो, फाटतो, करपतोसुद्धा. मारणाऱ्याने तोंडभर मास्क लावला होता, आणि आम्हाला दुसऱ्या दिवसापर्यंत आत पाऊल टाकू दिलं नाही. कापून काढलेला एक तुकडा मी रात्रभर बादलीत दगडाखाली बुडवून ठेवला. सकाळी ब्लेडने मधोमध कापला, आत कोरडा ठणठणीत.

तरीही पहिले पंधरा दिवस मी नाराज होते. दुपारी अडीचला बाहेर सावलीत ३९ अंश, आत ४१. पूर्वी ४५ असायचं, पण एवढ्यासाठी का बत्तीस हजार घातले?

चूक वळचणीत होती. आमचा पत्रा भिंतीच्या बाहेर दीड फूट आहे आणि त्याला खालून भोकांची पीव्हीसी पट्टी मारलेली आहे. त्या भोकांतून हवा वर येते, भिंतीच्या माथ्यावरून, पत्र्याच्या पन्हळींखालून आत शिरते आणि आढ्यावरच्या टर्बो व्हेंटिलेटरमधून, म्हणजे वाऱ्याने फिरणाऱ्या गोल पंख्यातून, बाहेर पडते. उघड्या पत्र्याला ही रचना योग्यच होती. फोम मारल्यावरही ठेकेदाराने ती फट तशीच सोडली. म्हणाला, "ताई, हवा खेळती राहिली पाहिजे." पुण्याला सिव्हिल इंजिनीअर असलेला माझा भाचा आला, स्टुलावर चढून त्याने भिंतीच्या माथ्याशी उदबत्ती धरली. धूर सरळ आत ओढला जात होता. तो म्हणाला, "मावशी, खाली सपाट छत असतं आणि फोम त्या छतावर असता, तर वरचा पोटमाळा वाऱ्याला मोकळा ठेवायचा. तुझा फोम पत्र्यालाच आहे. म्हणजे हा पत्रा आता भिंतीसारखा धरायचा. त्याच्या खालून बाहेरची गरम हवा आत घेतली तर फोम काय करणार?"

मे महिन्यात ठेकेदाराला परत बोलावलं. भिंतीचा माथा आणि पत्रा यांमधली सगळी फट फोमने भरली, टर्बोचं तोंड पत्रा लावून बुजवलं. या दुसऱ्या खेपेचे त्याने ३,५०० घेतले, ते मला आजही पटलेलं नाही. हे पहिल्याच दिवशीचं काम होतं. बाहेरची भोकांची पट्टी मात्र आहे तशीच ठेवली, म्हणजे दीड फुटाची वळचण बाहेरच्या बाहेर वाळते. आणि पाच माणसं आणि इस्त्री असलेली खोली हवाबंद करून चालत नाही, म्हणून इस्त्रीच्या टेबलावर भिंतीत एक्झॉस्ट पंखा आणि समोर उत्तरेला खाली झडपांची खिडकी. पंखा इस्त्रीबरोबर चालू, इस्त्रीनंतर अर्धा तास. त्याच आठवड्यात अडीचला बाहेर ४०, आत ३७. पूर्वी दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवायचो, आता चालतात.

आगीबद्दल कुणी नीट सांगत नाही. फोमवर "फायर रिटार्डंट" लिहिलेलं असतं, तरी तो जळतो, आणि त्याचा धूर विषारी असतो. माणसं काम करतात तिथे तो उघडा ठेवायचा नाही. आम्ही जूनमध्ये खालून साडेबारा मिलीमीटरचा जिप्सम बोर्ड उतारालाच लावून घेतला, २१,२०० रुपये. हा खर्च पहिल्यापासून धरूनच हिशेब करा. आणि पंख्याचे हुक, पाइपाचे ब्रॅकेट, जे काही वेल्डिंग असेल ते फोमच्या आधी उरका. नंतर छपराला वेल्डिंग लावायचं नाव काढू नका.

स्क्रूंचे रबरी वॉशरही आधीच बदला. आम्ही बत्तीस बदलले. एक राहिला, आणि जुलैत पाणी त्या स्क्रूपासून चार फूट लांब, कोपऱ्यात उतरलं. फोममुळे गळती नेमकी कुठे आहे ते आतून कळत नाही. शेवटी वरून स्क्रू न् स्क्रू तपासावा लागला. पत्रा उद्या बदलायचा झाला तर फोमसकट जाईल, हेही लक्षात ठेवा. पावसाचा आवाज मात्र खूप कमी झाला. धो धो पावसातही शेजारणीशी साध्या आवाजात बोलता येतं.

त्यानंतरच्या थंडीत एकही थेंब पडला नाही, पण जानेवारीत बोर्डावर पश्चिमेच्या बाजूला वीतभर ओला पट्टा दिसला. तिथला बोर्ड काढला तर लोखंडी पर्लिनची, म्हणजे पत्र्याला खालून आधार देणाऱ्या आडव्या पट्टीची, एक बाजू फोमशिवाय उघडी राहिलेली, आणि तिच्यावर घाम फुटावा तसे थेंब. फवारणाऱ्याची बंदूक तिच्यामागे पोचली नव्हती. ७५० मिलीचा फोमचा डबा आणून मीच ती बाजू भरली आणि बोर्ड परत बसवला. त्या पर्लिनखालीच माझं कापायचं टेबल आहे. रेशमी कापड आता पुन्हा त्यावरच पसरते.