डोंगरवाटेला जोएलेट की हँडसायकल?
जोएलेट ही चालता न येणाऱ्यांसाठी एका चाकाची खुर्ची. पुढचा सोबती ओढतो, मागचा तोल सांभाळतो. फ्रान्सच्या जोएल क्लोदेल यांनी ती १९८७ मध्ये बनवली. दगडधोंडे, अरुंद पायवाट, पायऱ्या, सगळीकडे जाते. पण दोन धडधाकट सोबती हवेतच, आणि कुठे थांबायचं हेही त्यांना सांगावं लागतं.

हँडसायकल ही तीन चाकांची सायकल, पेडल हातांनी फिरवायचं. वेग, वळण, ब्रेक सगळं आपल्या हाती! हातांत जोर असेल तर मी हीच सुचवेन. वाट मात्र रुंद हवी, आणि खांदे जपायला हवेत.

मणक्याच्या इजेमुळे संवेदना गेली असेल, तर दोन्हींत गादी चांगली घ्या आणि दर अर्ध्या तासाला बूड उचलून भार हलका करा. सतत दाब पडून जखम होते तेव्हा कळतही नाही.