सिम्युलेटर सेशन : टर्ब्युलन्स (हवेतले हादरे) लावायला नक्की सांगा
रविवारी लेकाला घेऊन विमानाच्या सिम्युलेटरवर तासाभराचं सेशन केलं, एकदम पैसा वसूल. ३५,००० फुटांवर शिकवणाऱ्या सरांनी जोरदार टर्ब्युलन्स लावला, उंचीचे आकडे पळायला लागले, मी घाबरून स्टिक खेचायला गेलो तर सर म्हणाले, "दादा, उंचीच्या मागे लागू नका, नाक आणि स्पीड सांभाळा, उंची होऊ दे थोडी वरखाली, फक्त जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलला लगेच कळवा." कारण तिथे वरच्या-खालच्या विमानात १,००० फुटांचंच अंतर असतं! २०२४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर पाचेक सेकंदांत १७८ फूट खाली आलेलं, बेल्ट नसलेली माणसं छताला आदळली, तेही नीट समजावलं. एसी मात्र कमी पडतो, पोरगं घामाघूम झालं. पुढच्या महिन्यात परत जातोय.