छातीतली महाधमनी फुगलीय: स्टेंट ग्राफ्ट घ्यावा की ऑपरेशन करून घ्यावं?

सीटीत अ‍ॅन्युरिझम (धमनीचा फुगवटा) दिसलाय, रुंदीचा आकडा 5.5 सेंमीच्या आसपास आलाय आणि डॉक्टर म्हणालेत, ‘दोन्ही करता येईल, विचार करून सांगा.’ अशा माणसासाठी हे लिहितोय. हृदयातून वर चढणारा भाग आणि कमान हा वेगळा विषय, तिथे आजही बहुतेकदा छाती उघडावीच लागते. मी बोलतोय ते मणक्यांच्या कडेने खाली उतरणाऱ्या भागाबद्दल. निवड करायची वेळ येते ती तिथेच.

माझा फुगवटा तिथलाच, आणि माझे थोरले मावसभाऊ, बेळगावचे अण्णा, त्यांचाही तिथलाच. अण्णांनी स्टेंट ग्राफ्ट घेतला, म्हणजे छाती न उघडता धमनीतून आत सरकवलेली, जाळीचा आधार असलेली कापडी नळी. मी ऑपरेशन करून घेतलं. अण्णा सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर विडी ओढून फुफ्फुसं खराब झालेले. मी पन्नाशीतला, डायबेटिस सोडला तर धडधाकट. त्यामुळे ही शर्यत बरोबरीची नव्हे, हे आधीच सांगतो.

पहिले दोन-तीन महिने बघाल तर अण्णांचाच विजय. जांघेतल्या धमनीतून नळी घातली, दुसऱ्या दिवशी उठून बसले, त्याच आठवड्यात घरी. मला भेटायला आले तेव्हा जिना चढून आले आणि वर मलाच विचारतात, “काय रे, अजून उशी कवटाळूनच खोकतोस?” खरंच कवटाळत होतो. डाव्या फासळ्यांमधून कापलेलं असतं. खोकला, शिंक, उचकी, सगळ्याचा हिशेब द्यावा लागतो. ते फुफ्फुसांच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर, त्यातली तिसरी गोळी वर जाईपर्यंत डोळ्यांसमोर तारे. जखम भरली तरी काखेखालची कातडी कितीतरी महिने अशी हुळहुळी होती, की बनियनची शिवणसुद्धा टोचायची. डाव्या कुशीवर झोपणं तर विसराच.

अभ्यासही अण्णांच्याच बाजूने बोलतात, निदान सुरुवातीला. ज्या चाचणीच्या जोरावर 2005 साली अमेरिकेत छातीतल्या स्टेंट ग्राफ्टला पहिली परवानगी मिळाली, तिच्यात स्टेंटवाले 140 आणि ऑपरेशनवाले 94 होते. ऑपरेशनच्या काळातले मृत्यू 2.1 टक्के विरुद्ध 11.7 टक्के. मज्जारज्जूला इजा होऊन पायांतली ताकद जाण्याचं प्रमाण 3 विरुद्ध 14 टक्के. हे वाचून माझीही झोप उडाली होती. पण त्याच रुग्णांचा पाच वर्षांनंतरचा हिशेब बघितला तर जिवंत असणारे 68 आणि 67 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. फुगवट्यापायी झालेले मृत्यू मात्र स्टेंटकडे कमीच राहिले, तेही लपवत नाही. ऑपरेशनवाल्या 94 पैकी बरेच जण जुन्या नोंदींतून घेतलेले होते, एवढं ध्यानात ठेवून ते आकडे वाचावेत.

मग मी छाती का उघडून घेतली? सीटीला कंटाळून. ऐकणाऱ्याला हे कारण फार क्षुल्लक वाटतं, पण माझा निर्णय तिथेच झाला.

माझा फुगवटा लहान होता तेव्हापासून काही वर्षं नजरेखाली होता. दर खेपेला सावंतवाडीहून कोल्हापूर. आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम, तपासा, ते काठावर आलं की डॉक्टरांचा चेहरा बघा, डायबेटिसची मेटफॉर्मिन बंद ठेवा, भरपूर पाणी प्या. मग हिरवी जाड सुई. माझ्या शिरा तिला दाद देत नाहीत, टेक्निशियन कोपरावर टिचक्या मारत बसतो. डाय (सीटीत धमन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) आत गेला की घशापासून खालपर्यंत गरम लाट आणि कपड्यात झालं की काय असा भास. एवढं सगळं चालवून घेतलं असतं. खरा वैताग रिपोर्टचा. एकदा 52 मिलिमीटर, पुढच्या वेळी दुसऱ्या सेंटरवर 54. वाढलं का? एक डॉक्टर म्हणतात वाढलं, दुसरे म्हणतात मोजणाऱ्याचा हात. त्या दोन मिलिमीटरांपायी घरात आठवडाभर कुणी धड जेवत नाही.

स्टेंट ग्राफ्ट घेतला की हा फेरा संपत नाही, उलट पक्का होतो. पहिल्या वर्षात ठरावीक अंतराने आणि पुढे साधारण दरवर्षी, जन्मभर. कारण फुगवटा तिथेच असतो. जुन्या भिंतीला आतून अस्तर लावावं तसा ग्राफ्ट बसतो आणि भिंत मागे राहते. तिच्यात कुठून रक्त झिरपतंय का, म्हणजे एंडोलीक आहे का, हे बघत राहावं लागतं. अण्णांच्या दुसऱ्या का तिसऱ्या रिपोर्टात तो शब्द आलाच. बारीक धमनीतून उलटं येणारं रक्त, काळजीचं नाही, म्हणाले. पण तेव्हापासून अण्णा रिपोर्टचं पाकीट स्वतः उघडत नाहीत, वहिनींना देतात. एमआरआयवर किंवा डायशिवायच्या सीटीवर काही जणांचं भागतं म्हणे, पण त्याची खात्री आधी कुणी देत नाही.

ऑपरेशनमध्ये फुगलेला भाग बाजूला करून डेक्रॉनची (कृत्रिम धाग्याच्या कापडाची) नळी शिवतात. पुढे तपासणी आहेच, उरलेल्या महाधमनीवर लक्ष ठेवावं लागतं, पण पुष्कळ विरळ. माझ्या किडन्यांना आणि घरच्यांना तेवढा विसावा पुरे होता. (डेक्रॉनच्या या नळ्या अमेरिकन हृदयसर्जन मायकेल डीबेकी यांनी 1950 च्या दशकात घरच्या शिवणयंत्रावर शिवून पाहिल्या होत्या. पुढे वयाच्या 97 व्या वर्षी, 2006 साली, त्यांच्या स्वतःच्या महाधमनीचं ऑपरेशन झालं. त्यावरून सत्तरीतल्या कुणी हुरूप आणू नये. त्यांना सावरायला कित्येक महिने लागले.)

सगळ्यांनी माझ्यासारखं करावं असं मुळीच नाही. फुफ्फुसं कमजोर असतील, वय पुढे गेलं असेल, हृदयाचं काही झालेलं असेल तर स्टेंट ग्राफ्टच. अण्णांच्या जागी मीही तेच केलं असतं. फुटलेला फुगवटा किंवा अपघातात फाटलेली महाधमनी असेल तर बहुधा हा प्रश्न पडायलाच वेळ नसतो, तिथेही शक्य असेल तर स्टेंटच. डिसेक्शनचा, म्हणजे महाधमनीचा आतला थर फाटून रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरण्याचा, हिशेब निराळा. बी प्रकारात, म्हणजे ते उतरत्या भागात असेल आणि गुंतागुंत नसेल तर आधी ब्लडप्रेशरच्या गोळ्या. मात्र 2013 च्या एका अभ्यासात गोळ्यांच्या जोडीला स्टेंट घेतलेल्यांचे महाधमनीमुळे झालेले मृत्यू पाच वर्षांत 6.9 टक्के होते आणि नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांचे 19.3, म्हणून आता लवकर स्टेंटचाही विचार होतो. उलट मार्फानसारखा, धमन्यांच्या भिंती मुळातच कमजोर करणारा जन्मजात आजार असेल तर शक्यतो ऑपरेशन, कारण ग्राफ्टची टोकं ज्या भिंतीला धरून बसायची तीच नरम असते.

पण वय साठच्या आत, छाती ठणठणीत, किडनी काठावर आणि घर सीटीपासून लांब, असं असेल तर ऑपरेशन लगेच मोडीत काढू नका. अट एकच: हे ऑपरेशन नेहमी करणारे हात मिळाले पाहिजेत. हृदयाची बायपास रोज करणारा सर्जन आणि उतरत्या महाधमनीची ऑपरेशनं नियमित करणारा सर्जन एकच असेल असं नाही, आणि दुसऱ्या प्रकारचे मोजकेच असतात.

विचारायला जाल तेव्हा फिल्म नव्हे, सीटीची सीडी घेऊन जा. फुगवट्याच्या वर आणि खाली किमान दोन सेंमी चांगली भिंत आहे का, डाव्या हाताच्या धमनीचं तोंड झाकावं लागणार का, मांडीच्या धमन्या जाड नळीला पुरतील का, हे तिघांना वेगवेगळं विचारा. स्टेंटवाल्यांनाही विचारा आणि सर्जनलाही. बिलाचा मोठा भाग एकट्या ग्राफ्टचा असतो, तेव्हा विमा किती देणार ते लेखी घ्या. अण्णांचे पैसे अजून अडकलेत.