जर्मनीत एक सेमिस्टर करणार असाल तर डॉइचलँड सेमिस्टर तिकिटाबद्दल हे वाचून जा

आमच्या कॉलेजातून दरवर्षी काही जण एक्स्चेंजला जर्मनीला जातात आणि जायच्या आधी सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, ब्लॉक्ड अकाउंटचं (व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच ठेवायचं खातं) कसं करायचं, रूम मिळेल का, कुकर न्यायचा का. या तिकिटाबद्दल, म्हणजे विद्यार्थ्यांच्या देशभर चालणाऱ्या बस-ट्रेनच्या पासाबद्दल, कोणी विचारतच नाही. माझं म्हणाल तर त्या सहा महिन्यांत ज्या ज्या गोष्टीला पैसे दिले त्यात या तिकिटाइतकं वसूल दुसरं काहीच झालं नाही, म्हणून नीट लिहितेय.

मी 2025 च्या समर सेमिस्टरला आखेनला होते, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर. आधी हे तिकीट काय आहे ते सांगते. डॉइचलँड तिकीट 1 मे 2023 ला सुरू झालं, तेव्हा महिन्याला 49 युरो होतं, जानेवारी 2025 पासून 58 झालं आणि जानेवारी 2026 पासून 63. विद्यार्थ्यांचं सेमिस्टर तिकीट त्याच्या 60 टक्क्यांत, म्हणजे माझ्या वेळच्या 58 च्या हिशोबाने महिन्याला 34.80 युरो, आपले साधारण साडेतीन हजार रुपये. जिथे ही स्कीम आहे तिथे ते सेमिस्टर फीमध्येच धरलेलं असतं, तुम्ही हो म्हणा नाही म्हणा, सगळ्यांनाच भरावं लागतं. आमच्यातले काही जण आधी यावरून कुरकुरले होते, पण कोलोनला एक फेरी मारली की महिन्याचे पैसे जवळपास सुटतात.

आणि मिळतं काय, तर अख्ख्या देशातल्या बस, ट्राम, मेट्रो, एस-बान (शहरातली लोकल) आणि सगळ्या रीजनल ट्रेन, सेकंड क्लास. आपला लोकलचा पास दोन स्टेशनांमधला असतो, पुणे-मुंबई पासवाल्यांचाही तसाच. इथे स्टेशनांची भानगडच नाही, हॅम्बुर्गच्या बसमध्ये चढा नाहीतर म्युनिकच्या मेट्रोत, तिकीट तेच. स्टेशनात शिरताना गेट नाही, मशीन नाही, सरळ चढायचं. चेकर आला की फोनवरचा कोड दाखवायचा आणि सोबत ओळखपत्र, कारण तिकीट तुमच्या नावावर असतं, मित्राला देता येत नाही. विनातिकीट सापडलात तर दंड 60 युरो. फोन बंद पडला तर दाखवायला काहीच उरत नाही, तेव्हा पॉवर बँक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

आता खरी गंमत. एक्स्चेंजवाले बहुतेक जण काय करतात, वीकेंड आला की पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, बजेट एअरलाइनचं तिकीट आणि रात्री हॉस्टेल, मग सोमवारी लेक्चरला पेंगत बसायचं. करा ना, एकदोनदा जरूर करा. पण ज्या देशात राहतोय तो बघायचाच राहून जातो, आणि तो या तिकिटावर असाच पडलेला आहे, आधीपासून बुकिंग नको, शनिवारी सकाळी डोळे उघडले आणि आकाश स्वच्छ दिसलं की निघायचं.

वुपरटालला जाच. तिथली श्वेबेबान 1901 पासून चालू आहे, डबे वरच्या रुळाला लटकून धावतात, 13.3 किलोमीटरचा मार्ग आणि त्यातला बराचसा नदीच्या बरोब्बर वरून. ही काही टुरिस्टांसाठी ठेवलेली राइड नाही, लोक ऑफिसला जातात, आज्ज्या भाजी घेऊन चढतात, आणि आपलं तिकीट त्यात चालतं. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि लगेच उलटी आले, सिव्हिलवाल्यांनी तर वर टांगलेला तो लोखंडी सांगाडा बघायलाच जावं.

मग ऱ्हाइन. कोलोनहून माइन्झकडे जाणारी जी साधी ट्रेन नदीच्या काठाने जाते ती पकडा, झटपटवाली नको, सगळीकडे थांबणारी. जाताना डाव्या बाजूची खिडकी धरा, नदी तिकडे आहे. कोब्लेन्झच्या पुढे दरी अरुंद होते आणि दोन्हीकडे द्राक्षाचे उतार, किल्ले, नदीच्या मधोमध बेटावर एक किल्ला, लोरेलाय खडक समोरच्या काठाला. हा पट्टा 2002 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मध्येच कुठेही उतरा, बाखाराख किंवा बोपार्ड, गावात हिंडा, पुढची ट्रेन घ्या. बोटीचं तिकीट मात्र वेगळं काढावं लागतं.

खुद्द आखेनमध्ये कॅथेड्रल आहे, 1978 च्या युनेस्कोच्या पहिल्याच यादीतलं. आखेनहून बसने तासाभरात मोन्शाऊ, लाकडी चौकटींची जुनी घरं आणि मधून वाहणारी रूर नदी. परीक्षेच्या आधी डोकं जड झालं की मी तिकडे जायचे. एवढ्यासाठी वेगळे पैसे काढायचे असते तर गेलेच नसते, हेच मला या तिकिटाबद्दल सगळ्यात जास्त आवडतं, जाऊ की नको हा हिशोबच डोक्यात येत नाही.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा का कापला ते सांगते. आयसीई, आयसी यांसारख्या लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्यांना हे चालत नाही, त्यामुळे आखेनहून म्युनिकला रीजनल ट्रेनने जायचं म्हणजे दिवस गेला, त्यापेक्षा आधी स्वस्तातलं फास्ट तिकीट काढा. ट्रेन लेट होतात, रद्द होतात, रुळाचं काम निघालं की त्याऐवजी बस. एका रविवारी रात्री आमची शेवटून दुसरी ट्रेन रद्द झाली आणि प्लॅटफॉर्मवर दीड तास थंडीत उभं राहावं लागलं, जूनमध्ये थंडी, विश्वास ठेवा. तासापेक्षा जास्त उशीर झाला तर या तिकिटावर भरपाई मिळते दीड युरो, आणि एकूण चार युरो होईपर्यंत तेही हातात देत नाहीत. हे मला पटत नाही, विद्यार्थी असले तरी वेळ आमचाही असतोच. शनिवारी फुटबॉलची मॅच असेल तर डबा गच्च भरलेला आणि कानठळ्या बसतील एवढा आरडाओरडा, पण लोकलची सवय असलेल्यांना त्याचं काही वाटणार नाही.

तुमची युनिव्हर्सिटी कुठल्या राज्यात आहे त्यावर विद्यार्थ्यांचं तिकीट कसं मिळतं ते बदलतं, म्हणून इंटरनॅशनल ऑफिसला जायच्या आधीच मेल टाका. फीमध्ये नसेल तर नेहमीचं डॉइचलँड तिकीट घ्या, पण ते सबस्क्रिप्शन असतं, महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कॅन्सल केलं तरच त्या महिन्याअखेर बंद होतं, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. परत येताना घाईगडबडीत हे हमखास राहतं.

आणि समर सेमिस्टरवाल्यांनो, लेक्चर जुलैमध्ये संपतात पण तिकीट 30 सप्टेंबरपर्यंत चालू असतं. व्हिसा बघा, परीक्षा कधी संपतात ते बघा आणि मगच परतीचं विमान बुक करा, घरचे लवकर ये म्हणतील तरी दोन आठवडे मागून घ्या. फक्त विमानतळावर जायच्या दिवशी दोन मोठ्या बॅगा घेऊन रीजनल ट्रेन बदलत बसू नका, त्या दिवशी खुशाल आयसीईचं तिकीट काढा.