ऑपरेशन आयव्हीचा 'एनर्जी': काही महिने सतत ऐकल्यावर

स्का-पंक (जमैकातलं नाचरं स्का आणि पंक रॉक यांचं मिश्रण) ऐकायचंय म्हटलं की ऑपरेशन आयव्ही या कॅलिफोर्नियातल्या बँडचा हाच अल्बम पहिल्यांदा सुचवला जातो, आणि बरेच जण दोन-तीन गाण्यांतच वैतागतात. आवाज डब्यातून आल्यासारखा, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा पत्ता नाही, गायक सतत ओरडतोय. उलट बाजूला, या प्रकारात याच्यापुढे कोणी गेलंच नाही म्हणणारेही भरपूर. माझं मत दुसऱ्या गटाकडे झुकतं, पण पूर्ण नाही.

आधी आवृत्तीचा घोळ. मूळ 'एनर्जी' १९८९चा, कॅलिफोर्नियातल्या लुकआउट रेकॉर्ड्सचा, १९ गाण्यांचा. १९९१मध्ये सीडी निघाली तेव्हा त्याला बँडच्याच १९८८च्या 'हेक्टिक' या ईपीची (अल्बमपेक्षा छोट्या रेकॉर्डची) सहा गाणी आणि एका संकलनातली दोन जोडली गेली. २००७मध्ये हेलकॅट या रेकॉर्ड कंपनीने पुन्हा काढली तीही हीच २७ गाण्यांची. 'अल्बम फार लांबतो, शेवटी सगळं सारखंच वाटतं' ही तक्रार बहुतेक वेळा या २७वाल्यांची असते. शेवटची आठ गाणी आधीच्या रेकॉर्डिंगची आहेत, त्यांचा पोतही वेगळा आहे. 'मिशनरी' हे एकोणिसावं गाणं संपलं की थांबा. 'हेक्टिक' दुसऱ्या दिवशी वेगळं ऐका, ते छान आहे. आणि शफल बंद ठेवा. गाणी बहुतेक दोन मिनिटांच्या आसपासची, त्यामुळे क्रम मोडला की नुसते तुकडे हाती येतात.

रेकॉर्डिंग कच्चं आहे, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. बर्कलीच्या ९२४ गिलमन स्ट्रीट या पंक क्लबमध्ये, जिथे हा बँड वाढला, तिथेच ते करून पाहिलं होतं. ते जमलं नाही, म्हणून निर्माता केव्हिन आर्मीबरोबर स्टुडिओत पुन्हा केलं गेलं. तरी ड्रमच्या झांजा आणि गायक जेसी मायकल्सचा आवाज एकाच पट्ट्यात येऊन कानाला घासतात. स्वस्त इअरफोनवर हे जास्तच जाणवतं. लोक उपाय म्हणून इक्वलायझरवर बेस (खालचे सूर) वाढवतात आणि फसतात, कारण खालचा भाग वाढवला की नुसता घुमारा येतो. ३ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करा आणि ८०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झला तेवढेच वाढवा. बेस गिटार वाजवणाऱ्या मॅट फ्रीमनची बोटं तारांवर कुठे पडतात ते तिथे ऐकू येतं, आणि या अल्बमची खरी गंमत तीच आहे.

ब्रासवरून (म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारख्या वाद्यांवरून) होणारं भांडण इथेच सुटतं, माझ्या मते. साठच्या दशकातल्या जमैकन स्कात ब्रास कणा होता. इंग्लंडच्या स्पेशल्स या स्का बँडच्या १९७९च्या पहिल्या अल्बमवरही रिको रॉड्रिग्जचा ट्रॉम्बोन आहे. इथे 'बॅड टाउन'मधला सॅक्सोफोन सोडला तर काहीच नाही. त्यामुळे 'हा स्काच नव्हे' म्हणणारे शुद्धतावादी भेटतात. पण 'बॉम्बशेल' किंवा 'युनिटी'मध्ये फक्त बेस गिटारच्या मागे लागून बघा. तो मूळ स्वरावर टिकून राहात नाही, चढत-उतरत स्वतःची चाल गातो. ब्रासने भरायची जागा त्याने भरलेली आहे. नव्वदच्या दशकातले ब्रासवाले स्का-पंक अल्बम ज्यांना आधी आवडले, त्यांना हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

वाजवून बघणाऱ्यांसाठी: केरवा तालाच्या आठ मात्रा मोजा. स्काच्या भागात गिटार २, ४, ६, ८वर पडते, १वर कधीच नाही. उजव्या हाताने झटका वरच्या दिशेने द्यायचा आणि लगेच डाव्या हाताची पकड सैल करायची, बोटं तारांवरून न उचलता. पकड तशीच राहिली तर सूर लांबतो आणि नाचरी उडी जाते. दुसरी नेहमीची चूक कोपरातून हात हलवण्याची. या वेगात मिनिटभरात हात भरून येतो; मनगटातूनच काम व्हायला हवं. पंकचा भाग आला की खालच्या दिशेचे झटके, प्रत्येक मात्रेवर. हा बदल ड्रमर डेव्ह मेलोकडे कान ठेवून करायचा.

शब्दांबद्दल मात्र मी टीकाकारांच्या बाजूने थोडा आहे. एकी, जमावाची मानसिकता, मारामाऱ्या थांबवा: आशय थेट, कधीकधी शाळकरी. पण मायकल्स वरून उपदेश करत नाही, 'नॉलेज'मध्ये तर स्वतःला काही कळत नसल्याचंच सांगतो. (ग्रीन डे या पंक बँडने १९९०मध्ये हे गाणं केलं, त्यामुळे अनेकांना ते आधी तिथूनच माहीत असतं.) उच्चार कळत नाहीत, तेव्हा पहिल्या दोन-तीन वेळा शब्द समोर ठेवा. मधल्या भागात 'गॉना फाइंड यू'सारखी एक-दोन गाणी मला अजूनही भरतीची वाटतात.

याच बँडमधल्या दोघांनी पुढे काढलेल्या रॅन्सिड या बँडच्या वाटेने इथे येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: गिटारवादक टिम आर्मस्ट्राँग आणि फ्रीमन तेच असले तरी मुख्य गायक वेगळा आहे. मे १९८९मध्ये अल्बम येत होता तेव्हाच बँड फुटला, त्यामुळे पुढचा सफाईदार अल्बम शोधू नका, तो नाहीच. विकत घ्यायचाच असेल तर १९ गाण्यांची एलपी मिळाल्यास ती घ्या. नाहीतर स्ट्रीमिंगवर पहिल्या १९ गाण्यांची प्लेलिस्ट करायला पाच मिनिटं लागतात.