लाइन सुपरवायझरांसाठी नेतृत्व प्रशिक्षण : सातपूरमधील एका कार्यशाळेचे परीक्षण

नाशिकमधील सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील बहुतेक कारखान्यांत सुपरवायझर एकाच पद्धतीने घडतो. ज्या ऑपरेटरचा हात चांगला, त्याला एके दिवशी बोलावून लाइन, म्हणजे उत्पादनाची एक साखळी, सोपवली जाते. कालपर्यंत स्वतःच्या मशीनपुरते पाहणाऱ्या माणसाने उद्यापासून जुन्या सोबत्यांकडून काम करून घ्यायचे असते, रिजेक्शनचा, म्हणजे नापास झालेल्या मालाचा, जाब द्यायचा असतो आणि वरून आलेला प्रत्येक नवा नियम खाली पटवून द्यायचा असतो. हे कसे करायचे, ते मात्र त्याला कोणी शिकवलेले नसते. अशा नव्याने बढती मिळालेल्यांसाठी सातपूर परिसरातील एका प्रशिक्षण संस्थेने चालवलेली कार्यशाळा मी आमच्या कारखान्यातील काही सहकाऱ्यांसह नुकतीच पूर्ण केली. काम शिकवण्याचा आणि बदल हाताळण्याचा भाग शुल्क सार्थकी लावणारा आहे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या भागाविषयी मला तसे म्हणता येत नाही.

सर्वांत भरीव सत्र काम शिकवण्याच्या पद्धतीचे होते. अमेरिकेत १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी उपक्रम चालला. युद्धसाहित्याचे उत्पादन झपाट्याने वाढवायचे होते, अनुभवी कामगार अपुरे पडत होते आणि कारखान्यात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसांना लवकर तयार करायचे होते. त्यासाठी आखलेली चार टप्प्यांची पद्धत युद्धानंतर जपानमध्ये गेली आणि तेथील कारखान्यांत रुजली. शिकणाऱ्याची मनाची तयारी करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर लक्ष ठेवून राहणे, असे ते चार टप्पे आहेत.

प्रशिक्षकांनी हे सांगण्यापूर्वी दोन पदरी वायरचा तुकडा हातात दिला आणि विजेच्या जोडणीत ताण पडू नये म्हणून मारतात ती गाठ एका सहभागी सुपरवायझरला केवळ तोंडी शिकवायला सांगितली. समोरच्याला गाठ जमली नाही. मग त्यांनी त्याला न बोलता नुसती करून दाखवायला सांगितले. शिकणारा टेबलाच्या पलीकडे बसलेला असल्यामुळे त्याचा डावा-उजवा हात उलटा झाला आणि गाठ पुन्हा सुटली. तिसऱ्या वेळी प्रशिक्षकांनी दोघांना शेजारी बसवले, एकेक टप्पा सांगितला, त्यातली खुबी सांगितली आणि ती तशीच का करायची याचे कारणही सांगितले. गाठ पहिल्याच प्रयत्नात बसली. आमच्याकडे आयटीआयमधून आलेल्या नव्या मुलाला ‘बघत राहा, येईल’ असे सांगून जुन्या ऑपरेटरच्या मागे उभे करण्याची रीत आहे. त्या रीतीत नेमके काय राहून जाते, ते त्या वायरच्या तुकड्याने खोलीतील प्रत्येकाला दाखवून दिले.

बदलाविषयीचे सत्र नाशिकसाठी विशेष गरजेचे आहे. येथील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या अनेक लहान कारखान्यांचा संसार इंजिनाच्या भागांवर उभा राहिला. १ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारी बीएस-६ मानके लागू झाली, त्यानंतर विजेवरील वाहने वाढू लागली, आणि कोणता भाग पुढेही लागेल हा प्रश्न थेट लाइनपर्यंत येऊन पोहोचला. या सत्रात प्रशिक्षकांनी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या पायजम्यांच्या एका कारखान्यातील प्रयोग सविस्तर मांडला. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी तो १९४८ मध्ये प्रसिद्ध केला होता. कामाची पद्धत बदलताना ज्या गटाला फक्त निर्णय कळवला गेला, तो उत्पादनात मागे पडला, त्याच्यात कुरबुरी झाल्या आणि काहींनी नोकरी सोडली. ज्या गटांतील सर्वांना बदलाची आखणी करताना सामील करून घेतले, ते लवकर सावरले आणि पूर्वीच्या पातळीच्याही पुढे गेले.

हा प्रयोग ऐकून आम्ही व्हीएमसी (धातूचे भाग कापणारी संगणक-नियंत्रित यंत्रे) लाइनवरील तपासणीची वही बंद करून टॅबवर नोंदी सुरू करण्यापूर्वी तिन्ही पाळ्यांतील ऑपरेटरांना विचारले. कूलंटने (यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवाने) ओल्या झालेल्या हातांनी पडदा दाबला जात नाही, ही अडचण त्यांनीच सांगितली आणि टॅबचा स्टँड मशीनजवळून हलवून गेजच्या (मापे तपासण्याच्या साधनांच्या) टेबलापाशी न्यावा, हेही त्यांनीच सुचवले. कार्यालयात बसून हे आमच्यापैकी कोणाला सुचले नसते.

याच सत्रातील एका भागाशी मी सहमत नाही. धक्का, नकार, राग आणि शेवटी स्वीकार अशा पायऱ्यांची वक्ररेषा दाखवून ‘प्रत्येक कामगार यातूनच जातो’ असे सांगण्यात आले. या रेषेचे मूळ मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मरणासन्न रुग्णांविषयी केलेल्या मांडणीत आहे. ती पुढे कंपन्यांच्या प्रशिक्षणात आणली गेली. हे न सांगता ती कारखान्याचा नियम म्हणून शिकवली, तर नव्या यंत्राबद्दल रास्त आक्षेप घेणारा कामगार ‘अजून रागाच्या पायरीवर आहे’ असे ठरवून सुपरवायझर मोकळा होतो. हे मला घातक वाटते.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या सत्रात पहाटे उठणे, ध्येयांची वही आणि सकारात्मक वाक्ये यांवरच भर होता. आठवड्याआड पाळी बदलणाऱ्या माणसाने पहाटे कधी उठायचे, याचे उत्तर त्यात नव्हते. त्याऐवजी ड्रॉइंग वाचणे, नोंदी लिहिणे किंवा वरिष्ठांपुढे नेमके बोलणे यांचा सराव झाला असता, तर सुपरवायझरची खरी वाढ झाली असती.

शिकवणे उत्तम मराठीत होते, छापील टिपणे मात्र पूर्णपणे इंग्रजीत होती. ज्यांच्यासाठी कार्यशाळा आहे त्यांतील अनेकांना ती घरी वाचून समजणार नाहीत. सत्रे संध्याकाळी उशिरापर्यंत चालल्यामुळे नाशिकरोड आणि सिन्नरकडे परतणाऱ्या महिला सहभागींची ओढाताण झाली. संस्थेने वेळ अलीकडे आणायला हवी. जमेची मोठी बाजू म्हणजे कार्यशाळा संपल्यानंतर प्रशिक्षक आमच्या कारखान्यात आले, लाइनवर उभे राहून त्यांनी एका सुपरवायझरला नवा जॉब शिकवताना पाहिले आणि त्याला बाजूला घेऊन काय राहिले ते सांगितले. ही भेट शुल्कात धरलेली आहे, तरी ती मागून घ्यावी लागते.

लहान कारखान्यांच्या मालकांनी आपल्या नव्या सुपरवायझरांना येथे अवश्य पाठवावे, पण स्वतः त्याच तुकडीत बसू नये. आमच्या तुकडीत काही मालक होते आणि त्यांच्यादेखत त्यांचीच माणसे शेवटपर्यंत मोकळेपणाने बोलली नाहीत. मालकांसाठी वेगळी तुकडी असते. नावनोंदणी करतानाच तशी मागणी करावी.