'बाय' की 'अन्टिल', 'सिन्स' की 'फॉर': आधी मराठीत विचारून बघा

माझ्या भाचीने एका कंपनीला मेल टाकला, 'आय विल बी अव्हेलेबल बाय 20 मे'. तिला सांगायचं होतं की 20 मेपर्यंत मी पुण्यात आहे, तोवर कधीही बोलवा, नंतर घरात लग्न आहे म्हणून गावी जाणारे. समोरच्यांनी वाचलं की ही 20 तारखेपर्यंत मोकळी होतेय, म्हणजे त्यानंतर बोलवू, आणि इंटरव्ह्यू लावला 22 तारखेला. पोरगी रडकुंडीला आली. तिला बोल लावावासा वाटला नाही मला, कारण तिथे 'अन्टिल' हवं होतं, पण मराठीत बाय आणि अन्टिल दोन्हीकडे आपण 'पर्यंत'च म्हणतो आणि घरातली छोटी डिक्शनरी पण दोन्ही शब्दांपुढे तेवढंच लिहून मोकळी होते.

तेव्हापासून ओळखीतल्या मुलांचे अर्ज-मेल तपासताना मी हीच जोडी आधी बघते. 'पाच वाजेपर्यंत थांब' आणि 'पाच वाजेपर्यंत पोच', ह्या दोन वाक्यांतलं काम वेगळं आहे. थांबणं पाच वाजेस्तोवर चालूच राहतं, तिथे अन्टिल. पोचणं एकदाच होतं, चारला पोचलात तरी चालतं, तिथे बाय. ठरवता येत नसेल तर 'पर्यंत' काढून 'च्या आत' टाकून बघा. 'पाचच्या आत पोच' बरोबर वाटतं ना, मग बाय. 'पाचच्या आत थांब' ऐकायलाच विचित्र वाटतं, मग अन्टिल. फी भरणे, फॉर्म पाठवणे, रिपोर्ट देणे हे सगळं बाय. दुकान उघडं असणे, ऑफर चालू असणे, मी शहरात असणे हे सगळं अन्टिल. आणि टिल म्हणजे अन्टिलचा शॉर्टफॉर्म असं बरेच जण समजतात, पण उलट टिलच जुना शब्द आहे, दोन्हीपैकी कुठलाही वापरा, मेलमध्ये अन्टिल जरा नीटनेटका दिसतो एवढंच.

ह्याच अन्टिलमध्ये अजून एक खड्डा आहे. आपण म्हणतो 'जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबते'. त्यातला 'नाही' मराठीत अगदी बरोबर आहे, पण तो इंग्रजीत उचलून नेला की 'अन्टिल यू डोन्ट कम' होतं आणि ते चुकीचं आहे. तिकडे नुसतं 'अन्टिल यू कम'. नाही म्हणायचं काम अन्टिल स्वतःच करतो. चांगले शिकलेले, वीस वर्षं नोकरी केलेले लोक पण इथे घसरतात, त्यामुळे तुमचं होत असेल तर लाजू नका, फक्त पाठवायच्या आधी एकदा बघा.

आता 'पासून'. '2019 पासून इथे राहतोय' आणि 'पाच वर्षांपासून इथे राहतोय', मराठीत दोन्ही चालतं म्हणून 'सिन्स फाइव्ह इयर्स' लिहिलं जातं. इथे पण मराठीतच परीक्षा घ्या, पासून काढून टाका. 'पाच वर्षं इथे राहतोय' हे चालतं, म्हणून फॉर. '2019 इथे राहतोय' हे चालत नाही, म्हणून सिन्स. सोमवार, सकाळ, लग्न झाल्यापासून, हे सगळे सुरुवातीचे टप्पे आहेत, त्यांना सिन्स. तीन तास, दोन आठवडे ही लांबी आहे, तिला फॉर. आणि दोन्हीबरोबर 'आय ॲम लिव्हिंग' नको, 'आय हॅव बीन लिव्हिंग' पाहिजे, हे मात्र मराठीवरून कळत नाही, ते पाठच करायचं.

काही जोड्यांत मात्र आपली भाषा आधीच फरक करून बसलेली आहे आणि आपण उगाच घाबरतो. से म्हणजे म्हणणे, टेल म्हणजे सांगणे, आणि सांगायचं तर कोणाला ते लगेच यायला हवं, म्हणून 'टेल मी', पण 'से मी' नाही. हिअर म्हणजे ऐकू येणे, लिसन म्हणजे लक्ष देऊन ऐकणे. फोनवर रेंज गेली की 'आय ॲम नॉट लिसनिंग' म्हणतात काही जण, त्याचा अर्थ होतो मी तुमच्याकडे लक्षच देत नाहीये, आणि समोर क्लायंट असेल तर तो दुखावणारच. 'आय कान्ट हिअर यू' म्हणा. सी आणि लुकचं पण तसंच, दिसणे आणि बघणे, आणि मॅच नाहीतर सिरियल बघायची असेल तर वॉच.

भाडं पटकन सांगते: बस-रिक्षाचं ते फेअर, घराचं ते रेंट. गाडी भाड्याने घ्यायची तर ब्रिटिश लोक हायर म्हणतात, अमेरिकन रेंट.

डाउटबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. वर्गात 'सर, डाउट आहे' म्हणा, आपल्याकडे सगळ्यांना शंका असाच अर्थ कळतो, ते मी चूक मानत नाही. पण परदेशातल्या माणसाला 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर रिपोर्ट' लिहिलंत तर त्याला वाटेल तुमचा त्याच्या रिपोर्टवर विश्वास नाही. मनात म्हणून बघा, मला शंका विचारायचीये का संशय आहे? विचारायची असेल तर क्वेश्चन.

परत भाचीच्या मेलकडे. तिथे अन्टिल 20 मे लिहिलं असतं तरी एक प्रश्न उरतोच, 20 तारीख धरायची की नाही? बाय फ्रायडे म्हटलं की शुक्रवार साधारण धरतात, बिफोर फ्रायडे म्हटलं की गुरुवारीच संपलं, पण रजेच्या अर्जात अन्टिल 20 मे लिहिलं तर विसाला तुम्ही कामावर आहात की घरी हे वाचणारा आपापल्या परीने ठरवतो. म्हणून आता मी सगळ्यांना दुसरं टोक पण लिहायला लावते. भाचीने पुढच्या मेलमध्ये लिहिलं, 30 जूनपर्यंत, म्हणजे 30 धरून, पुण्यात आहे, आणि 1 जुलैपासून नाही. तिला 29 जूनची तारीख मिळाली.